चौकटीतले अंगण

हैदराबाद (दक्षिण),
ता. ९ जानेवारी १९३८

ती. व्यंकटेशमामा यांस शिरसाष्टांग नमस्कार.

माझ्या चौथीच्या वर्गातल्या गोदूने परवा एक प्रश्न विचारला आणि मला त्याचे उत्तर देता आले नाही. बी. ए. होऊन दीड वर्ष झाले, शाळेत शिकवू लागून एक. पण इतकी निरुत्तर मी कधी तोंडी परीक्षेतही झाले नव्हते. ती म्हणाली, "बाई, एवढ्या मोठ्या चौकटीत आपलं अंगणच कशाला लावलंय? ते तर दारातून दिसतंच की."

मी तिच्याशेजारी जाजमावर बसून पाहिले. खरेच, अंगणच दिसत होते. हौद, कडुनिंबाचा बुंधा, दोरीवर वाळत घातलेले शिपाईणबाईंचे लुगडे. सहा चौकटी आणि सहांत अंगण.

तुम्हाला सगळे मुळापासून सांगते. आमची शाळा ज्यांच्या वाड्यात फुकट भरते त्या पारशी दस्तूरबाईंनी दिवाळीत शाळेला सहा चित्रे भेट दिली. अजिंठ्याच्या लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या रंगीत छापील प्रती, एकेक इतकी मोठी की मी दोन्ही हात पसरले तरी कडा जेमतेम हाताला लागतात. त्यांची अट एकच होती, मुली बसतात त्या दिवाणखान्यात ती लागली पाहिजेत. मंडळाने ती लावली. सागवानी चौकटी, त्यांवर द्राक्षांचे घोस कोरलेले, आणि बेगम बाजारातली सर्वांत जाड, सर्वांत चकचकीत काच. त्या चौकटींच्या खर्चात वर्षभराच्या पाट्या आल्या असत्या! आणि लावली कुठे, तर अंगणाच्या कमानींच्या बरोबर समोरच्या भिंतीवर. रस्त्याकडच्या खिडक्या मुली दिसू नयेत म्हणून फळ्या ठोकून बंद, छताजवळची रोशनदाने कबुतरे येतात म्हणून पत्र्याने बुजवलेली. सगळा उजेड येतो तो त्या कमानींतून, आणि तो सगळा काचेवर आपटून मुलींच्या डोळ्यांत जातो. उभे राहून, नाक काचेला लावून पाहिले तर चित्र आहे. बसून पाहिले तर नाही. आमच्या मुली दिवसभर बसलेल्या असतात.

मी मंडळाचे चिटणीस यादवराव वकील यांना सांगितले. ते म्हणाले, "चित्रं लागली, दस्तूरबाई खूष झाल्या. मग तुमची तक्रार काय आहे, बाई?" एवढे शिकलेले गृहस्थ, आणि उजेड कुठून येतो हे त्यांना कळू नये! मला संताप आला तो या निष्काळजीपणाचा. यांच्या मुलांच्या शाळेत असे चालले असते का?

तुम्ही जमीन-बंदोबस्त खात्यात तीस वर्षे नकाशे केलेत. कागद, कापड, उजेड यांतले तुम्हाला कळते. थोडक्या खर्चात ही चकाकी कशी घालवावी ते कळवा. आपल्या घरात पदवी मिळवलेली मी पहिली, आणि ती तुमच्यामुळे. थोरल्या आत्याबाईंना तुम्ही कसे वळवलेत ते तुम्ही आजवर सांगितले नाहीत. पण जो माणूस आत्याबाईंना वळवू शकतो तो काचेला सहज वळवील.

ती. सौ. मामींस नमस्कार.

आपली,
सुमित्रा


औरंगाबाद,
ता. १३ जानेवारी १९३८

चि. सुमित्रेस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. उद्या संक्रांत. तुझ्या मामीने तिळगूळ पाठवला आहे. तो पोस्टातल्या लोकांनी खाल्ला नाही तर पोचेल. गोड बोल म्हणून आम्ही सांगायचे असते, पण तुझे पत्र वाचल्यावर तुला ते सांगून किती लागू पडेल याची शंका वाटते.

काचेवर उजेड पडणारच, त्यावर रागावून काय उपयोग? तीन उपाय सांगतो. साडेसात फुटांवरच्या खिळ्याला टांगलेल्या चौकटीचा माथा चार बोटे पुढे ओढावा, म्हणजे काच खाली झुकते आणि समोरचा उजेड टळतो. तेवढ्याने भागले नाही तर मधल्या कमानीला जाड पडदा लाव. तेही नको असेल तर मुलींना आडवे बसव. मात्र काच काढण्याच्या भरीस पडू नकोस. काच काढली की धूळ, कसर, दमट हवा, आणि वर्षभरात चित्र संपले. चित्र दिसण्यापेक्षा ते टिकणे महत्त्वाचे.

आणि यादवरावाशी वाद घालू नकोस. शाळा काढली तेव्हा आम्ही दोघे दारोदार फिरून मुली मागत होतो. लोक आम्हाला ओटीवरूनच परत पाठवीत. त्याने ती भिंत काही विचार करूनच निवडली असेल.

तुझ्या मामीचे गुडघे पूर्वीसारखेच आहेत. तुझ्या आईला सांग.

तुझा,
व्यंकटेशमामा


हैदराबाद,
ता. १८ जानेवारी १९३८

ती. मामांस शिरसाष्टांग नमस्कार.

तिळगूळ पोचला, निम्मा.

तुमचे तिन्ही उपाय केले. माथा पुढे ओढला, तर अंगण गेले आणि जाजम आले. आता मुलींना स्वतःच्या वेण्या दिसतात. काल सगळा भूगोलाचा तास त्या भांग सरळ करण्यात गेला. पडदा लावला, तर पाटीवरचे अक्षर दिसेना. आडवे बसवले, तर फळ्याकडे पाठ. शिपाईणबाई म्हणाल्या, "बाई, असं करा, पोरींना अंगणात बसवा आणि चित्रं आत शिकू द्या." हसू आले, पण हसण्यासारखे यात काही नाही, मामा. साठ मुली रोज त्या भिंतीसमोर बसतात. त्यांतल्या बहुतेकींनी आमच्या गौलीगुडा मोहल्ल्याबाहेर स्टेशनापलीकडचे काही पाहिलेले नाही. त्यांच्यापुढे हजार-दीड हजार वर्षांपूर्वीची माणसे उभी आहेत, आणि मधे एक काच!

परवा आमच्या वाचनालयाची पुस्तके बांधणारे मदारसाहेब जिल्दसाज आले होते. त्यांना मी चौकटी दाखवल्या. त्यांनी मान तिरकी करून पाहिले आणि म्हणाले, "बीबी, इसे तस्वीर नक्को बोलो. आईना बोलो." मग विचारले, नकाशांना कोणी काच लावते का?

आणि मला एकदम आपला नकाशा आठवला. तुम्ही इथे असताना तुमच्या खोलीत रियासतीचा तो मोठा नकाशा होता, कापडावर चढवलेला, वर-खाली दांड्या. त्यावर बोट फिरवून मी गोदावरी, मांजरा, दुधना शिकले. त्याला काच नव्हती, आणि तो वीस वर्षे टिकला. मग तुम्ही मला काचेशिवाय चित्र टिकत नाही असे का लिहिलेत? आम्हाला दुसरे काही नको. सहा चित्रे तशीच कापडावर चढवायची, आणि मुलींच्या बसल्या नजरेला येतील अशी टांगायची. एका काचेच्या किमतीत सहाही होतील असे मदारसाहेब म्हणतात. मात्र एवढा मोठा कागद त्यांनी कधी चढवलेला नाही. त्याची रीत तुम्ही लिहून पाठवा.

आणखी एक. चौकटी साडेसात फुटांवर आहेत हे तुम्ही लिहिलेत. मी उंची कळवली नव्हती. तुमचे पत्र आल्यावर शिडी लावून मोजली, तर बरोबर साडेसात. म्हणजे यादवरावांनी तुमचा सल्ला घेतला होता. घेतला आणि मानला नाही! तुमच्यासारख्या जाणत्या माणसाला विचारायचे आणि मग नेमकी वाईट भिंत निवडायची, ही तर कमालच झाली. येत्या बैठकीत मी त्यांना सगळ्यांसमोर हे विचारणार आहे.

आपली,
सुमित्रा


औरंगाबाद,
ता. २१ जानेवारी १९३८

चि. सुमित्रेस आशीर्वाद.

बैठकीत यादवरावाला काही विचारू नकोस. त्याने माझा सल्ला घेतला आणि तंतोतंत पाळला. ती भिंत मी सांगितली. काच मी सांगितली. उंचीही मी सांगितली.

रागाने पत्र बाजूला टाकशील, तर आधी पुरते वाच.

दिवाळीत चित्रे आली त्याच आठवड्यात चार पालक यादवरावाकडे गेले. म्हणाले, लेण्यांतल्या बायका अर्ध्या उघड्या असतात, त्या आमच्या मुलींपुढे टांगणार असाल तर मुली उद्यापासून येणार नाहीत. चौघांच्या मिळून सात मुली, आणि त्यांच्यामागून आणखी वीस गेल्या असत्या. इकडे दस्तूरबाई हट्टाला पेटलेल्या. चित्रे लावा, नाहीतर वाडा मोकळा करा, असे त्या बोलल्या नाहीत, पण यादवरावाला ते ऐकू आले. त्याने मला दोन पानी पत्र लिहिले. मी एक कार्ड टाकले. चित्रे लावा. काच जाड घ्या. कमानींसमोर लावा, साडेसात फुटांवर. दस्तूरबाई उभ्याने जवळून पाहतील, त्यांना दिसतील. पालकांना सांगा की मुलींना बसल्या जागेवरून काही दिसत नाही. हवे तर बसून पाहा. साप मेला, काठीही शाबूत राहिली. सात मुली अजून शाळेत आहेत. त्यांत तुझी गोदूही आहे.

बाळ, चकचकीत काचेसमोर बसून मुलगी अक्षर शिकली तर ती शिकली. घरी बसली तर काहीच नाही. मी जन्मभर नकाशे केले. कागदावर सगळे दाखवायला गेले तर काहीच वाचता येत नाही. काही झाकावे लागते.

आत्याबाईंना कसे वळवले ते विचारतेस. तेही असेच. तुझे वडील राजी होते, त्या नव्हत्या. त्यांना मी सांगितले की सुमीला शिवणकाम आणि आरोग्याच्या वर्गाला घालतो. पडद्याची गाडी दारात येत होती, तीत तू बसून जात होतीस. गाडी कुठल्या वर्गाला जाते ते त्यांनी कधी विचारले नाही. तुझे वडील गप्प राहिले. चार वर्षे निभावले. तुझी पदवीही एका काचेआडूनच आली आहे, एवढे लक्षात ठेव आणि शांत हो.

तुझा,
व्यंकटेशमामा


हैदराबाद,
ता. २४ जानेवारी १९३८

ती. मामांस नमस्कार.

तुमचे पत्र पुरते वाचले. तीनदा वाचले.

यादवरावांना मी निष्काळजी म्हणत होते. आता वाटते, निष्काळजी असते तर बरे झाले असते. चुकीच्या भिंतीला मी क्षमा केली असती. ही चूक नव्हती. उजेडाचे ज्ञान असलेल्या माणसाने ते ज्ञान मुलींना आंधळे करायला वापरले, आणि तो माणूस तुम्ही. आणि मी तुम्हालाच विचारत बसले, चकाकी कशी घालवू म्हणून! तुम्ही मला माथा चार बोटे पुढे ओढायला सांगितलेत. मी शिडीवर चढून सहाही ओढले, मामा. हाताला फोड आले.

आत्याबाईंचे लिहिलेत तेही वाचले. आता कळले, त्या दर शुक्रवारच्या तातीलीला, कॉलेज बंद असले की, उसवलेली चोळी नाहीतर फाटका अभ्रा आणून माझ्यापुढे का टाकीत. "बघू गं तुझं शिक्षण," म्हणत. मी हसायचे, कशीबशी वाकडी टीप घालायचे आणि पुस्तकाकडे पळायचे. त्या ती टीप उजेडात धरून पाहत आणि कापडाची घडी घालीत. गेल्या चैत्रात त्या गेल्या. चार वर्षे शिकूनही पोरीला सरळ टीप घालता येत नाही, पोरगी मंद आहे, असे समजून गेल्या असतील. माझी पदवी त्यांना कळलीच नाही. मी पेढे दिले ते त्यांनी कसले म्हणून खाल्ले?

त्यांच्याशी भांडायला मला मिळायला हवे होते. कदाचित मी हरले असते. कदाचित आत्याबाई हरल्या असत्या. दोघींपैकी कुणालाच तुम्ही उभे राहू दिले नाहीत. तुम्ही म्हणाल, म्हणूनच तू आज लिहिते आहेस. ते खरे आहे आणि त्याला माझ्याजवळ उत्तर नाही. उत्तर नाही म्हणून ते बरोबर होते, असे मात्र मी म्हणणार नाही.

रीत पाठवू नका. मदारसाहेब आणि मी चुकत-माकत शोधू. एकाच प्रश्नाचे उत्तर द्या. त्या चौघांपैकी चित्रे कोणी पाहिली होती? त्यांच्या घरातल्या बायकांनी? तुम्ही?

सुमित्रा


औरंगाबाद,
ता. २८ जानेवारी १९३८

चि. सुमित्रेस आशीर्वाद.

कोणी नाही. चौघांनीही ऐकले होते. यादवरावाने गुंडाळी सोडून वरची कड पाहिली आणि परत गुंडाळली. मी तर इथे औरंगाबादेत बसून कार्ड लिहिले. अजिंठा इथून साठ-पासष्ट मैल. तीस वर्षांत तिथल्या प्रत्येक गावाची शीव मी कागदावर काढली, पण लेणी पाहायला गेलो नाही.

आत्याबाईंचे मी वाचले. मामीला वाचून दाखवता आले नाही.

रीत नको म्हणालीस, पण चुकत-माकत शोधायला तुझ्याजवळ फक्त सहा चित्रे आहेत. म्हणून लिहितो.

आधी कोपऱ्यावर ओला कापूस टेकवून पाहा, रंग सुटतो का. सुटला तर थांब आणि मला कळव. नाही सुटला तर मांजरपाट भिजवून फळीवर ताणून खिळे मार. मैद्याची खळ पातळ शिजव, त्यात मोरचूद चिमूटभर, म्हणजे कसर लागत नाही. तो हात तोंडाला लावू नकोस, विष आहे. कागदाची पाठ ओली करून घटकाभर ठेव, तो फुगतो. फुगण्याआधी चिकटवलास तर कापडावर फुगेल आणि कायमच्या सुरकुत्या पडतील. हीच चूक सगळे करतात. मग मधून कडेकडे दाबत जायचे, कडेवरून मधे कधीच नाही. दोन दिवस सावलीत वाळू द्यायचे.

वरून रोगण लावू नकोस. आम्ही नकाशांना लावायचो, आणि तहसीलदार ते वाचायला खिडकीकडून दाराकडे आणि दाराकडून खिडकीकडे फिरायचे. रोगण म्हणजे पातळ काचच. पांढरे मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळवून मऊ फडक्याने अगदी हलके फिरव. धूळ बसत नाही आणि चकाकत नाही. वर-खाली साधी दांडी. भिंतीपासून बोटभर अंतर ठेव, ओल लागणार नाही.

सोबत माझा ब्रश पाठवतो. तो कसल्या केसांचा आहे हे तुझ्या मामीला कळल्यापासून तिने त्याला ओसरीच्या आत येऊ दिलेले नाही. तू स्वयंपाकघरात नेऊ नकोस.

एवढे मात्र ऐक. जे करशील ते विचारून कर. मुली गेल्या तर परत येत नाहीत. हे मी दारोदार फिरून शिकलो आहे.

तुझा,
मामा


हैदराबाद,
ता. ६ फेब्रुवारी १९३८

ती. व्यंकटेशमामांस शिरसाष्टांग नमस्कार.

ब्रश आणि पत्र सोमवारी पोचले. तुम्ही विचारून कर म्हणालात. मी विचारले. कुणाला विचारले ते सांगते.

पहिल्यांदा दस्तूरबाईंना, कारण चित्रे त्यांनी दिली. सोमवारी दुपारी त्या आल्या आणि मी त्यांना सगळे सांगितले, तुमचे कार्डसुद्धा. त्या म्हणाल्या, "मला खाली बसव." सत्तरीच्या बाई, मी आणि शिपाईणबाईंनी धरून जाजमावर टेकवले. त्यांनी चष्मा पुसला, वर पाहिले आणि म्हणाल्या, "अरे, हे तर मीच दिसते! मी काय माझा फोटो दिला होता तुला?" उठवायला तिघी लागलो. जाताना म्हणाल्या, "मी मुलींना दिलं, काचेला नाही दिलं. आणि वाडा मोकळा करायचं मी कधी बोलली? तो यादवराव स्वतःच घाबरते आणि माझं नाव सांगते."

त्याच संध्याकाळी काचा उतरवल्या. कोपऱ्यावर कापूस लावला. रंग सुटला नाही. मदारसाहेबांनी तुमची रीत माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. कागद आधी फुगू द्यायचा, हे ऐकल्यावर त्यांनी कागदाची कड चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाले, "हौ. लिखनेवाला कारीगर है." तुम्हाला हे कळवावेसे वाटले. मंगळवारी दुपारपर्यंत सहाही चित्रे कापडावर चढली. एकावर डाव्या कोपऱ्यात सुरकुती आहे, ती माझी. कापडाच्या कडा दुमडून मीच शिवल्या. टीप अजून वाकडीच आहे. आत्याबाई असत्या तर उजेडात धरून पाहिली असती. मी सांगितले असते, मला शिवण शिकवलेच नाही, मला दुसरेच काही शिकवले.

दुसऱ्यांदा विचारले ते मुलींच्या आयांना. शुक्रवारी दिवाणखान्यात हळदीकुंकू केले. मुलींबरोबर घरोघर चिठ्ठ्या पाठवल्या. चिठ्ठीत स्पष्ट लिहिले होते: शाळेत अजिंठ्याची चित्रे लावली आहेत, त्यांत बायकांच्या अंगावर वस्त्रे कमी आहेत, ती मुलींनी पाहावीत की नाही हे आयांनी पाहून सांगावे. मला झाकून बोलवायचे नव्हते. हे वाचून कोणी येणार नाही, असे आई म्हणत होती.

एकेचाळीस आल्या, मामा. आजवर बक्षीससमारंभालाही एवढ्या आल्या नव्हत्या.

आधी कोणी वर बघेना. वाण घेतले, तिळगूळ खाल्ला, आणि सगळ्या जाजमाच्या नक्षीकडे बघत बसल्या. मग एकीने हळूच मान वळवली. "अगं, ती वाकी पाहिलीस का? माझ्या आजेसासूकडे अश्शीच होती." दुसरी म्हणाली, "आणि केस बघ, किती जुडे! घालायला दासी पाहिजेत दोन." मग सगळ्या उठल्या आणि जवळ गेल्या. गोदूची आई, म्हणजे त्या चौघांपैकी पहिल्याची बायको, एका चित्रासमोर थांबून राहिली. त्यात एक राजस्त्री मंचकावर मान टाकून बसली आहे, मागून एकीने तिला आधार दिला आहे, एक तिच्याकडे टक लावून पाहते आहे. गोदूची आई म्हणाली, "ही वाचत नाही आता. मान धरवत नाही तिला." बाकीच्या जवळ सरकल्या. मग तीच म्हणाली, "माझी धाकटी बहीण अशीच होती शेवटी. बाळंतपणात." आणि त्या चित्रातल्या बाईच्या हाताजवळ तिने आपला हात नेला. लावला नाही, नुसता जवळ नेला.

कुणीतरी मागून म्हणाले, "तुमचे मालक तर म्हणत होते, वाईट चित्रं आहेत." ती वळली. "त्यांनी कुठं पाहिलीत? त्यांनी बहिणीलाही पाहिलं नाही. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष जात नाहीत."

तुम्हाला मी सगळे चांगलेच लिहिणार नाही. तीन बायका हळद लावून घेऊन लगेच निघून गेल्या. एकीने मुलीच्या डोळ्यांवर पदर धरला होता. काल शनिवारी दोन मुली आल्या नाहीत. मी दोघींच्या घरी गेले. एकीच्या आईने पुढच्या आठवड्यात पाठवते म्हणून सांगितले. दुसरीच्या वडिलांनी मला ओटीवरूनच परत पाठवले. ओटीवरून परत फिरणे कसे असते ते आता मलाही ठाऊक झाले. उद्या मी पुन्हा जाणार आहे, आणि परवाही. ती मुलगी आली नाही, तर त्याचा दोष माझा आहे. तो मी यादवरावांवर ढकलणार नाही, तुमच्यावरही नाही. पण अठ्ठावन्न जणी काल चित्रांसमोर बसल्या होत्या, आणि त्यांना चित्रेच दिसत होती.

काल दुपारी यादवराव आले. फार रागावले होते. गोदूचे वडील त्यांच्याकडे गेले होते. त्यांची तक्रार चित्रांची नव्हती, बायकोला परस्पर विचारले याची होती. यादवराव म्हणाले, "सोमवारपर्यंत काचा होत्या तशा बसल्या पाहिजेत, नाहीतर मंडळाला तुमचा विचार करावा लागेल."

मंडळाने तो खुशाल करावा. मी त्यांना वर पाहायला सांगितले.

काल सकाळीच बेगम बाजारातून काचवाला बोलावला होता. रस्त्याच्या बाजूच्या रोशनदानांचे पत्रे काढले, कबुतरांची घरटी काढली, आणि त्या जाड चकचकीत काचा रोशनदानांच्या मापाने कापून तिथे बसवल्या. तिथून रस्त्यावरच्या कुणाला मुली दिसत नाहीत आणि मुलींना आभाळ दिसते. पाटीवरची अक्षरे आता चारच्या तासालाही वाचता येतात. काचेत काही वाईट नव्हते, ती उजेडाच्या वाटेवर बसवायची होती, एवढेच.

यादवरावांनी एकेक रोशनदान पाहिले. मग म्हणाले, "हे कुणाला विचारून केलंत?"

मी म्हणाले, "सहा काचांचे चौदा तुकडे झाले आहेत. परत जोडता येत असतील तर जोडा."

आपली,
सुमित्रा